हिवतापाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

(विदर्भ-मराठवाड्यातून कामासाठी पनवेलला आलेल्या शेतकरी-शेतमजुरांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांतून वाचून दाखविण्यासाठी.)



आजच्या बैठकीत हिवतापावर बोलायचे ठरले, तेव्हा मागून एक आवाज आला, "कापसाच्या भावाचं बोला, मच्छराचं काय घेऊन बसलात?" त्या भावाला मी सांगतो, मी भावावरच बोलणार आहे. कापसाचा उत्पादनखर्च काढताना आपण बियाणे धरतो, खत धरतो, फवारणी धरतो, निंदणाची मजुरी धरतो. घरात दोन माणसे तापाने पडली आणि डवरणी पंधरा दिवस लांबली, हा खर्च कोणी कधी धरला आहे काय? तो कुठल्याच खात्यावर चढत नाही, म्हणून तो नाही असे सरकारला वाटते. आपल्यालाही तसेच वाटू लागले आहे.

आज आपण पनवेलला बसलो आहोत. इथून जवळच जासई आहे. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ सालच्या जानेवारीत या भागातले शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मेले. त्या मुलखात आज तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, २०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचे उद्घाटन झाले. इथला शेतकरी जमिनीवरून उठला आणि त्या जमिनीवर विटा-सिमेंट वाहायला यवतमाळ, वाशीम, हिंगोली, परभणी, जालन्याचा शेतकरी आला. का आला? कोरडवाहू कापूस-ज्वारीत वर्ष निघत नाही म्हणून आला. तो इथे येतो, मृगाच्या आधी गावी जातो, पेरतो, वेचा संपला की पुन्हा येतो. त्याच्या या येण्याजाण्याबरोबर हिवतापही येतो आणि जातो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, माझ्या घरात घडलेले सांगतो.

माझ्या घरचा हिशेब

माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी इथल्याच एका इमारतीच्या कामावर होता. मे महिन्यात त्याला थंडी वाजून ताप आला. रक्त तपासले, हिवताप निघाला, चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. फुकट मिळाल्या, त्याबद्दल तक्रार नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी त्याने गोळ्या खोलीतल्या खिळ्याला टांगल्या, मुकादमाकडून हिशेब घेतला आणि गाडी धरली. पेरणी तोंडावर होती.

श्रावणात ऐन निंदणात त्याला पुन्हा तीच थंडी भरली. तीन आठवड्यांनी माझी आई पडली. मग त्याची सहा वर्षांची मुलगी. पावसाची उघडीप होती आणि आमचे बैल गोठ्यात उभे होते. कपाशी गवतात गेली. खाजगी दवाखान्यात सलाईन लावले त्याचे पैसे वेगळे, त्यासाठी दोन शेळ्या विकल्या त्या वेगळ्या. दरवर्षीच्या मानाने चार क्विंटल कापूस कमी आला. पोर वाचली, एवढे नशीब. पण दोन महिने ती भिंतीला धरून चालत होती.

आम्ही भावाला म्हणालो, "तू अडाणी, गोळ्या टाकून आलास." तो म्हणाला, "ताप उतरल्यावर कोण गोळ्या खातो? आणि तुम्ही तरी पूर्ण डोस कधी खाल्ला?" मी गप्प बसलो. मीही कधी खाल्ला नव्हता.

अडाणीपणा म्हणून मोकळे होऊ नका

हिवतापाचा विषय निघाला की साहेब लोकांचे एक ठरलेले भाषण असते. लोक अडाणी आहेत, लोक सहकार्य करीत नाहीत, फवारणीला दार उघडत नाहीत, फवारलेल्या भिंती लिंपून टाकतात, मच्छरदाणीने मासे धरतात. हे घडत नाही असे मी म्हणणार नाही. घडते. पण ज्या माणसाला पाऊस कधी पडेल, बोंडअळी कधी येईल, व्यापारी किती कापेल याचा हिशेब ठेवून जगावे लागते, तो माणूस नेमका हिवतापातच बिनहिशेबी कसा होतो? तो बिनहिशेबी नाही. डासापासून वाचण्याचे जेवढे उपाय सांगितले जातात, त्या प्रत्येकाला किंमत आहे. ती किंमत सांगणाऱ्याला द्यावी लागत नाही, ऐकणाऱ्याला द्यावी लागते. म्हणून ऐकणारा मान डोलावतो आणि आपल्याला परवडेल तेच करतो.

आणि हे फक्त शेतकऱ्याचे नाही. १९११ साली बेंटले नावाच्या डॉक्टरने मुंबईतल्या हिवतापाचा शोध घेतला. शहरातल्या घराघरांतल्या विहिरी आणि टाक्यांत हिवतापाचा डास वाढतो असे त्याने दाखवून दिले. विहिरी बंद करा, झाका, असा हुकूम निघू लागला. तेव्हा मुंबईतल्या शिकल्यासवरल्या, पैसेवाल्या लोकांनीच विरोध केला. विहिरीच्या पाण्यावर ऊन पडले पाहिजे, धर्मकार्याला ते पाणी लागते, असे पारशी आणि हिंदू दोघांचेही म्हणणे होते. मग बारीक जाळीच्या झाकणांसारख्या तडजोडी निघाल्या. त्यांना कोणी अडाणी म्हटले नाही. त्यांच्या भावना होत्या. आमच्या आईने देवघरात फवारा मारू दिला नाही की तो मात्र अडाणीपणा!

फवारा आला आणि लंगडा झाला

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख मरत असत, असा अंदाज सांगितला जातो. लोकसंख्या तेव्हा तेहेतीस-चौतीस कोटी. म्हणजे पाच-सहा माणसांच्या घरात दरसाल एकाला. त्याआधीच, १९४६ च्या सुमाराला, जुन्या मुंबई इलाख्यातल्या कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत डॉ. विश्वनाथन यांनी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून हिवताप आटोक्यात आणून दाखविला होता. १९५३ साली देशभर राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९६५ साली देशातले रुग्ण एक लाखावर आले. साडेसात कोटींवरून एक लाख! लोकांना वाटले, संपला.

संपला नाही. १९७६ साली रुग्णांची संख्या चौसष्ट लाखांच्या वर गेली. शेजारच्या श्रीलंकेतही तेच घडले होते. १९६३ साली तिथे सगळ्या देशात सतरा रुग्ण उरले. फवारणी आवरली, लक्ष ढिले झाले आणि १९६९ पर्यंत पाच लाखांवर रुग्ण झाले. निंदण एकदा चांगले झाले म्हणून पुढच्या वर्षी शेत मोकळे सोडले तर जे होते, तेच झाले.

आपल्याकडे तो परत का आला? पैसा कमी पडला, गोळ्या-औषधे कमी पडली, फवारणीत ढिलाई झाली. आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या कपाशीशी येऊन मिळते. खेड्यात हिवताप पसरवणारा जो मुख्य डास, त्याला डीडीटी लागू पडेनासा झाल्याचे १९५९ सालीच पंचमहाल जिल्ह्यात आढळले. घरातल्या फवारणीने डास निबर झाला हे खरे. पण त्याच जातीची औषधे आपण शेतातही ओतत होतो. डीडीटी, बीएचसी, मॅलॅथिऑन ही नावे आपल्या म्हाताऱ्यांना पाठ आहेत. शेतातल्या डबक्यात वाढणारी डासाची अळी लहानपणापासूनच ते विष पीत होती. १९८१ साली दोन अभ्यासकांनी मध्य अमेरिका आणि भारत या दोन्हींकडचा पुरावा मांडून सांगितले, की कापसासारख्या पिकांवरचा फवारा आणि हिवतापाचे पुनरागमन यांचा संबंध आहे.

यात शेतकऱ्याला आरोपी करू नका. फवारायला सांगितले कोणी? शिफारस कोणाची होती? डीडीटीचा शेतीतला वापर बंद झाला १९८९ साली, बीएचसीवर बंदी आली १९९७ साली. तोवर डास शहाणा होऊन बसला होता.

भिंत, गोठा आणि जागल

आता आपल्या गावातले उपाय एकेक घेऊ आणि त्यांची किंमत पाहू.

पहिला, भिंतीवरची फवारणी. डास रक्त पिऊन जड होतो आणि भिंतीवर टेकतो. तिथे औषध असले तर मरतो. म्हणून फवारलेली भिंत काही महिने लिंपायची नाही, चुना लावायचा नाही. पण फवारणीवाले येतात पावसाच्या तोंडाला किंवा पावसात. मग पोळा, गौरी-गणपती, घटस्थापना, दिवाळी. या दिवसांत घर लिंपले नाही तर सासू काय म्हणेल, शेजारीण काय म्हणेल? आणि ते येतात दिवसा अकराला, तेव्हा घरातली बाई शेतात असते आणि दाराला कुलूप असते. घर उघडायला थांबली तर तिची रोजी जाते. शिवाय २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीने माणसे मेली. ते पाहिलेल्या म्हातारीच्या घरात पंप घेऊन माणूस शिरू लागला तर ती घाबरणारच. औषध कोणते, किती, धान्याची कणगी कशी झाकायची, हे तिला आधी कोणी समजावून सांगितले आहे काय?

फवारणीत घर होते आणि गोठा राहतो, असेही घडते. खेड्यातला हा डास माणसापेक्षा गुराला जास्त चावतो आणि गोठ्याच्याच भिंतीवर बसून राहतो. आपल्याकडे गोठा घराला लागून. म्हणजे डासाचे जेवण तिथे आणि वस्तीही तिथे. फवारणी गोठ्यात झालीच पाहिजे.

दुसरा, मच्छरदाणी. औषध लावलेली मच्छरदाणी चांगली आहे, सरकार काही भागांत वाटते, ती वापरा. पण हिवतापाचा डास चावतो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. हिवतापाचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत. त्या वेळी आपला माणूस कुठे असतो? ज्वारीचे कणीस भरले की तो जागलीला असतो. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत एकराची माती करतात. तो माळ्यावर उघडा बसतो, हाका मारतो, डबा वाजवतो. ज्याची विहीर आहे त्याला शेतीची वीज रात्री मिळते, तो चिखलात उभा राहून हरभऱ्याला पाणी देतो. आणि मच्छरदाणी घरात खुंटीला! ती त्याने वापरली नाही असा शेरा कागदावर पडतो. मी विचारतो, जंगली जनावरांचा बंदोबस्त झाला आणि वीज दिवसा मिळाली तर हा माणूस रात्री घरात झोपणार नाही काय? आपल्या या दोन्ही मागण्या जुन्या आहेत. त्या हिवतापाच्याही मागण्या आहेत हे आता जोडून सांगा.

माकडाचा मलेरिया

मघाशी एका तरुण मुलाने चांगला प्रश्न विचारला. मोबाइलवर त्याने पाहिले, की माकडापासूनही मलेरिया होतो. खरे काय?

खरे आहे, पण आपल्या गावचे नव्हे. १९३२ साली कलकत्त्यात नोल्स आणि दासगुप्ता या दोन संशोधकांनी सिंगापूरकडून आणलेल्या एका माकडाच्या रक्तातले मलेरियाचे जंतू अभ्यासले आणि ते माणसालाही लागतात हे दाखविले. नोल्सच्या नावावरून त्या जंतूला नोलेसी म्हणतात. पुढे २००४ साली मलेशियाच्या सारावाक प्रांतात आढळले, की माणसांचा नेहमीचा मलेरिया समजून ज्यांवर उपचार होत होते त्यांतल्या कितीतरी जणांना हा माकडाचा मलेरिया होता. मलेशियाने माणसामाणसांत पसरणारा मलेरिया इतका हटविला, की २०१८ पासून तिथे त्याचा स्थानिक रुग्ण नाही. पण माकडाचा मलेरिया दरसाल हजारोंना होतो. कोणाला होतो? जंगलाच्या कडेला शेती करणाऱ्याला, तेल्या ताडाच्या मळ्यात राबणाऱ्याला, लाकूड तोडणाऱ्याला. त्यांना डास ठाऊक आहे, मच्छरदाणी ठाऊक आहे. पण तिथला डास संध्याकाळीच घराबाहेर चावतो आणि त्या वेळी माणूस कामावर असतो. पोट जिथे नेते तिथे तो जातो. आपल्या जागलीसारखेच झाले ना?

फरक एवढाच, की मलेशियात माकड सांभाळून ठेवते ते जंतू. माकडांना गोळ्या देता येत नाहीत, म्हणून त्यांचे काम अवघड. आपल्याकडचा हिवताप माणसाकडून डासात आणि डासाकडून माणसात जातो. गाई-बैलांचे रक्त डास पितो, पण माणसाचा हिवताप गुरांच्या अंगात वाढत नाही. तो वाढतो तो तुमच्या-माझ्या अंगात. म्हणजे तो संपवणेही आपल्या हातात जास्त आहे.

चौदा दिवसांचा प्रश्न

आपल्याकडे हिवतापाचे मुख्य दोन प्रकार. फाल्सिपेरम हा जीवघेणा, तो मेंदूत जाऊ शकतो, त्याला एक दिवसही उशीर चालत नाही. दुसरा व्हायव्हॅक्स. हा लबाड आहे. ताप उतरला तरी याचे बी यकृतात दडून राहते, हरळीच्या काशीसारखे. वरचे गवत काढले, शेत स्वच्छ दिसले, पाऊस पडला की पुन्हा फूट. माझ्या भावाला श्रावणात ताप आला तो असा. ती काशी जाळण्यासाठी चौदा दिवसांची गोळी असते.

मग लोक ती का सोडतात? ताप उतरल्यावर रोग गेला असे वाटते, हे एक. सकाळी सहाला उपाशीपोटी गोळी घेऊन कामावर गेले की पोटात कळ येते, मळमळते, हे दुसरे. जेवून गोळी घ्या, एवढे साधे वाक्य कोणी सांगत नाही. तिसरे म्हणजे तपासणीच्या वेळा कामाच्या वेळा असतात. तपासणी फुकट, गोळी फुकट, पण दिवस फुकट नाही. सहाशेचा खाडा आणि रिक्षाचे भाडे. आणि चौथे, जे इथे सगळ्यांना ठाऊक आहे पण कोणी बोलत नाही. ताप आहे म्हटले की मुकादम म्हणतो, गावाला जा. उचल अंगावर आणि काम हातचे गेले. मग माणूस मेडिकलमधून तापाची गोळी घेतो, अंगावर काढतो आणि त्याच पत्र्याच्या खोलीत आठ जणांच्या रांगेत झोपतो. डास त्याला चावतो आणि पुढे त्या रांगेतल्या दुसऱ्याची पाळी येते.

याच खोल्यांच्या बाहेर डास वाढतो. शहरातला हिवतापाचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. लिफ्टच्या खड्ड्यात, तळघरात, स्लॅबवर बांध घालून साठवलेल्या पाण्यात, उघड्या टाकीत, पिंपात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा ते पाणी पुरते काढून टाकले, टाकी घासून कोरडी केली, तर डासाची पिढीच निघत नाही. ओळख सोपी आहे. हिवतापाच्या डासाची अळी पाण्याच्या वरच्या थराला आडवी, समांतर तरंगते. दुसऱ्या डासांच्या अळ्या डोके खाली करून लटकतात.

आता सांगा, लिफ्टच्या खड्ड्यातले पाणी कोणाचे? तुमचे की बांधकामवाल्याचे? पिंप तुम्ही रिकामे करायचे, कारण ते तुमचे आहे. पण खड्ड्यातले पाणी उपसणे हा बांधकामाचा खर्च आहे. तो वाचवला की तो तुमच्या अंगात तापाच्या रूपाने जमा होतो आणि मग पुसदच्या, जिंतूरच्या शिवारात कमी निघालेल्या कापसाच्या रूपाने फिटतो.

मग करायचे काय?

महाराष्ट्रात २०२४ साली हिवतापाचे सुमारे एकवीस हजार रुग्ण नोंदले गेले. मुंबई आणि गडचिरोली ही दोन टोके सर्वांत पुढे. एकीकडे बांधकामे, दुसरीकडे जंगल. या दोन्ही टोकांना आपलीच माणसे राबतात. २०३० पर्यंत देशातून हिवताप हटवायचा, असे सरकारने ठरविले आहे. ज्या श्रीलंकेत सतराचे पाच लाख झाले होते, त्याच श्रीलंकेला २०१६ साली हिवतापमुक्त असल्याचा दाखला मिळाला. तिथे रक्त तपासणारी पथके गाडीत बसून रत्नांच्या खाणीत काम करणाऱ्यांपर्यंत, दूरच्या वस्त्यांपर्यंत गेली. माणूस दवाखान्यात येईल म्हणून वाट पाहत बसली नाहीत. म्हणजे हे होण्यासारखे आहे.

आपण दोन याद्या करू. एक आपली, एक त्यांची.

आपल्या यादीत जे बिनखर्चाचे किंवा थोड्या खर्चाचे आहे ते. गावातून पनवेल-मुंबईला, गडचिरोलीला कोण कामाला गेले त्याची वही संघटनेच्या शाखेने ठेवायची. माणूस परत आला आणि महिना-दोन महिन्यांत ताप आला, तर त्याच दिवशी आशाताईकडे रक्त तपासायचे आणि मी बाहेरगावाहून आलो आहे हे सांगायचे. गोळ्यांचे पाकीट घरातल्या एका माणसाच्या ताब्यात द्यायचे आणि त्याने रोज जेवणानंतर समोर खायला लावायचे. गर्भार बाईला आणि तान्ह्या मुलाला चौदा दिवसांची गोळी चालत नाही, त्यांचा उपचार डॉक्टरच ठरवेल. गोळी घेताना लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून तडक दवाखाना गाठायचा. आठवड्यातला एक दिवस, बाजाराचा आदला दिवस धरा, रांजण, हौद, पिंप, गुरांची टाकी कोरडी करायची. वापरात नसलेल्या विहिरीत आणि पाणी टिकणाऱ्या डबक्यात गप्पी मासे सोडायचे. जागलीला जाताना अंगभर कपडे आणि पायापर्यंत घोंगडी, आणि पाठ टेकायची असेल तर माळ्यालाच मच्छरदाणी बांधायची.

आणि त्यांच्या यादीत या मागण्या. रक्ततपासणी आणि गोळ्या कामाच्या जागी, काम सुटल्यानंतरच्या वेळेत मिळाव्यात. तापाच्या पहिल्या तीन दिवसांची रोजी ठेकेदाराने द्यावी आणि तापासाठी कोणालाही कामावरून काढू नये. बांधकामावरचे साठलेले पाणी दर आठवड्याला काढणे ही मालकाची जबाबदारी, ती वेळेवर तपासली जावी. बांधकामाच्या खर्चावर १९९६ सालच्या कायद्याने उपकर बसवला, त्यातून कल्याणकारी मंडळ चालते. नव्वद दिवस काम केलेल्याला तिथे नोंदणी करता येते. आपल्यातल्या किती जणांची नोंदणी आहे? हात वर करा. (सभेत थोडेच हात वर.) पाहा. हे आपल्या यादीत आणि त्यांच्याही यादीत.

गावात फवारणीची तारीख आठ दिवस आधी दवंडीने कळावी, ती सणाच्या लिंपणानंतरची असावी, वेळ सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळची असावी आणि गोठा सुटू नये. दिवसाची वीज आणि रानजनावरांचा बंदोबस्त, या दोन मागण्यांच्या निवेदनात यापुढे हिवतापाचा उल्लेख करावा.

यातली एकही मागणी भीक नाही. इमारतीत राहायला येणाऱ्याचेही यात भले आहे, कारण खड्ड्यातला डास मजूर आणि मालक असा भेद करीत नाही.

माझी पुतणी आता चौथीत जाते. या मे महिन्यात भावाला इथे पुन्हा ताप आला. त्याने रक्त तपासले आणि चौदा गोळ्या पूर्ण खाल्ल्या. शेवटच्या पाच त्याने गावी खाल्ल्या. रोज रात्री जेवण झाले की ती पोर पाकीट घेऊन बापासमोर उभी राहायची आणि गोळी गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायची. यंदा आमच्या घरात दुसरे कोणी पडले नाही आणि डवरणी वेळेवर झाली. ज्यांच्या घरात असे कोणी आहे त्यांनी पाकीट त्याच्या हाती द्या, आणि गावी गेल्यावर पहिल्या बैठकीत ती वही उघडा.